प्रकाशाने हाकायचा सूक्ष्मकणांचा थवा : खान्देशातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी सविस्तर मार्गदर्शक

पाण्याने भरलेल्या पातळ काचकक्षात हजारो सूक्ष्मकण सोडायचे, त्यांच्यावर अतिनील प्रकाशाचा एक लहानसा ठिपका पाडायचा, कण त्या ठिपक्याकडे गोळा झाले की ठिपका हळूहळू सरकवायचा आणि थव्याबरोबर सिलिकाचा एखादा निष्क्रिय मणी ठरलेल्या जागी नेऊन सोडायचा, असे या प्रयोगाचे स्वरूप आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील पदव्युत्तर रसायनशास्त्र वा भौतिकशास्त्र विभागात जी साधने साधारणपणे असतात, त्यांत एक अतिनील एलईडी आणि थोडे सिल्व्हर नायट्रेट यांची भर घातली की तो करता येतो. विद्यार्थी या प्रयोगाकडे वळतात तेव्हा त्यांचे सारे लक्ष दिव्यावर असते. दिवा किती वॅटचा, किती नॅनोमीटरचा, कुठून मागवायचा, याचीच चर्चा होते. प्रत्यक्षात हा थवा चालेल की नाही हे दिव्यापेक्षा पाणी ठरवते, आणि ज्या प्रदेशात बोअरचे पाणी जड आहे तेथे या गोष्टीकडे दुर्लक्ष करून मुळीच चालत नाही. म्हणून या लेखात पाण्याला दिव्याहून अधिक जागा दिली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. येथे प्रकाश कणाला ढकलत नाही. केंद्रित लेसरने कण पकडण्याचे तंत्र वेगळे आहे. आर्थर अ‍ॅश्किन यांनी 1970 पासून ते विकसित केले आणि त्यासाठी त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रयोगात प्रकाशाचे काम कणाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू करण्यापुरते आहे; पुढची हालचाल त्या क्रियेतून पाण्यात सुटलेले आयन घडवून आणतात. सिल्व्हर क्लोराइडचे कण शुद्ध पाण्यात अतिनील प्रकाशाखाली स्वतःहून हालचाल करतात आणि थवे बांधतात, हे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील मायकेल इबेले, थॉमस मॅलॉक आणि आयुष्मान सेन यांनी 2009 मध्ये दाखवले. निष्क्रिय सिलिकाचे कण या सक्रिय कणांकडे ओढले जाऊन त्यांच्याभोवती जमतात, हेही त्याच कामात दिसले होते. खाली दिलेली पद्धत त्याच रसायनावर आधारलेली आहे.

यंत्रणा समजून घेणे

सिल्व्हर क्लोराइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याच्या साहाय्याने त्याचे विघटन होते. धातुरूप चांदी कणावरच राहते, अत्यल्प ऑक्सिजन सुटतो आणि हायड्रोजन व क्लोराइड हे आयन पाण्यात उतरतात. या दोन आयनांचा वेग सारखा नसतो. 25 अंश सेल्सिअसला हायड्रोजन आयनाचा विसरण-गुणांक (पाण्यात आपोआप पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला 9.3 × 10⁻⁹ चौरस मीटर, तर क्लोराइडचा 2.0 × 10⁻⁹ आहे. हायड्रोजन पुढे निघून जातो आणि क्लोराइड मागे रेंगाळतो. त्यामुळे बाहेरच्या बाजूस धन आणि आतल्या बाजूस ऋण प्रभार किंचित जास्त होऊन आतल्या दिशेने रोखलेले विद्युतक्षेत्र तयार होते. या क्षेत्राचे परिणाम दोन होतात आणि ते परस्परविरोधी असतात. ऋण प्रभाराचा कण क्षेत्राच्या विरुद्ध, म्हणजे बाहेर जाऊ पाहतो. उलट, काचेचा तळही ऋण असल्यामुळे तळालगतच्या धन आयनांसह पाणी आत वाहू लागते आणि तळाशी बसलेल्या कणांना आपल्याबरोबर आत नेते. काचेचे झेटा विभव (पृष्ठभागावरील प्रभारामुळे लगतच्या पाण्यात निर्माण होणारे विद्युत-विभव) कणाच्या झेटा विभवापेक्षा अधिक ऋण असेल तर पाण्याचा प्रवाह जिंकतो आणि थवा जमतो; तसे नसेल तर कण पांगतात. काच स्वच्छ करण्यावर पुढे एवढा भर का दिला आहे, याचे कारण हेच.

वेगाचा अंदाज कागदावरही काढता येतो. ठिपक्याच्या केंद्राकडे जाताना 50 मायक्रोमीटर अंतरात आयनांची संहती (पाण्यातील प्रमाण) दुप्पट होत असेल, तर विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे 230 व्होल्ट येते. काच व कण यांच्या झेटा विभवांत 30 मिलिव्होल्टचा फरक धरला तर वेग सेकंदाला 5 मायक्रोमीटरच्या आसपास येतो. या वेगाने 1 मायक्रोमीटर व्यासाचा कण नेण्यासाठी लागणारे बल फक्त 0.05 पिकोन्यूटन आहे. हे बल क्षीण असले तरी या मापाच्या जगात पुरते, कारण तेथे जडत्वाला काही किंमत नसते. रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि श्यानता यांच्या परिणामांचे गुणोत्तर) 10⁻⁵ च्या घरात असल्यामुळे ओढ थांबताच कणाचा प्रवासही तत्क्षणी थांबतो.

वरच्या हिशोबातील कळीचा शब्द ‘दुप्पट’ हा आहे. क्षेत्र ठरते ते संहतीच्या निव्वळ फरकावरून नव्हे, तर तो फरक भागिले तेथील एकूण संहती या गुणोत्तरावरून. पाण्यात आधीच भरपूर आयन असतील तर कणांनी सोडलेली भर त्यात बुडून जाते.

पहिली पायरी : पाणी

समजा, ठिपक्याजवळ कणांनी लिटरला 20 मायक्रोमोल आयनांची भर घातली. जारमधून मिळणाऱ्या आरओ पाण्यात टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण) 50 पीपीएम, म्हणजे लिटरला सुमारे 50 मिलिग्रॅम असेल, तर मीठ समजून हिशोब केल्यास त्यात लिटरला सुमारे 860 मायक्रोमोल क्षार आधीच आहेत. म्हणजे विद्युतक्षेत्र चाळीस-पन्नासपट खाली येते आणि सेकंदाला 5 मायक्रोमीटरचा वेग ब्राउनीय धडपडीत, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या थरथरीत, हरवून जातो. टीडीएस 500 पीपीएम असलेल्या बोअरच्या पाण्यात तो आणखी दहापट घसरतो. अशा पाण्यात दिव्याची तीव्रता कितीही वाढवली तरी थवा दिसत नाही, फक्त कण लवकर काळे पडतात.

रसायनशास्त्र विभागात काचेचा ऊर्ध्वपातन संच असतोच. त्यावर दोनदा ऊर्ध्वपातित केलेले पाणी घ्यावे किंवा मिश्र रेझिनच्या स्तंभातून उतरवलेले पाणी वापरावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर काहीही छापलेले असो, वाहकता मोजल्याशिवाय ते घेऊ नये. हवेशी संपर्क आलेल्या शुद्ध पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू 5.6 च्या जवळ येतो आणि वाहकता सेंटीमीटरला सुमारे 1 मायक्रोसीमेन्स राहते; तेवढी चालते. 2 मायक्रोसीमेन्सच्या वर गेलेले पाणी परत पाठवावे. खिशात मावणारा टीडीएस मीटर या कामासाठी ढोबळ ठरतो, कारण त्याचा एक अंक म्हणजेच सुमारे 2 मायक्रोसीमेन्स. विभागातील वाहकतामापकच वापरावा. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याचा टीडीएस कमी असतो म्हणून ते घेण्याचा मोह काहींना होतो, पण त्यात धूळ, जिवाणू आणि नळीतील धातूंचे अंश असतात. तयार पाणी पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत साठवावे, कारण साध्या काचेतून सोडियम हळूहळू पाण्यात उतरत राहतो.

दुसरी पायरी : कण तयार करणे

हे काम लाल दिव्याच्या उजेडात करावे आणि खिडक्यांना काळा कागद लावावा. येथील एप्रिल-मे महिन्यांतले ऊन पडद्याच्या फटीतून आले तरी साका (द्रावणात तयार होणारा न विरघळणारा घन) राखाडी व्हायला वेळ लागत नाही. सिल्व्हर नायट्रेटचे 0.085 ग्रॅम 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवले की 0.01 मोलर द्रावण तयार होते. मिठाचे 0.01 मोलर द्रावण 60 मिलिलिटर घ्यावे, म्हणजे त्यात 0.035 ग्रॅम सोडियम क्लोराइड येईल. खाण्याचे आयोडीनयुक्त मीठ येथे चालत नाही. मिठाचे द्रावण चुंबकीय ढवळणीवर ठेवून त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडावे. क्रम उलटा करू नये. पात्रात सतत क्लोराइडचे आधिक्य राहिले तर कणांच्या पृष्ठभागावर क्लोराइड चिकटून ते ऋण प्रभारित होतात. चांदीच्या आयनांचे आधिक्य झाले तर कण धन होतात आणि ऋण काचेवर जाऊन कायमचे चिकटतात.

गुणात्मक विश्लेषणाच्या तासाला दिसणारा दह्यासारखा जाड साका येथे नको आहे, दुधट गढूळपणा हवा आहे. तो दिसू लागला की पात्र झाकून, अंधारात, 60 अंशांवर काही तास मंद ढवळत ठेवावे. या काळात अतिसूक्ष्म कण विरघळून मोठ्या कणांवर जमा होतात. या सर्व मिश्रणातून फार तर 72 मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळते. ते अपुरे वाटले तरी शेकडो स्लाइडना पुरते.

आता धुलाई. कण तळाशी बसू द्यावेत, वरचे पाणी काढून टाकावे, ताजे पाणी घालून हलवावे, आणि हे काढलेल्या पाण्याची वाहकता सेंटीमीटरला सुमारे 3 मायक्रोसीमेन्सवर येऊन स्थिर होईपर्यंत करीत राहावे. त्याखाली ती जाणार नाही. सिल्व्हर क्लोराइड स्वतःच लिटरला सुमारे 13 मायक्रोमोल इतके विरघळते आणि त्याची वाहकता 1.8 मायक्रोसीमेन्स भरते. या धुलाईमुळे क्लोराइडचे आधिक्य गेले तरी काळजी नसावी, कारण शुद्ध पाण्यातील संतुलनातही सिल्व्हर क्लोराइडचा पृष्ठभाग ऋणच राहतो.

कण आकाराप्रमाणे निवडणे

तयार झालेले कण एका मापाचे नसतात. सेंट्रिफ्यूज असला तरी येथे तो लागत नाही, कारण सिल्व्हर क्लोराइडची घनता घन सेंटीमीटरला 5.56 ग्रॅम असल्याने कण आपल्या वजनानेच चांगले वेगळे होतात. स्टोक्सच्या सूत्रानुसार 20 अंशांच्या पाण्यात 1 मायक्रोमीटर व्यासाचा कण सेकंदाला 2.5 मायक्रोमीटर, तर 3 मायक्रोमीटरचा कण 22 मायक्रोमीटर वेगाने खाली बसतो. पाण्याचा स्तंभ 5 सेंटीमीटर उंच घेतला तर 3 मायक्रोमीटरहून मोठे सारे कण 37 मिनिटांत तळ गाठतात. त्या वेळी वरचा गढूळ भाग पिपेटने दुसऱ्या पात्रात काढून घ्यावा आणि तळचा गाळ चांदीच्या कचऱ्यात टाकावा. काढलेला भाग पुन्हा 5 सेंटीमीटर उंचीवर साडेपाच तास स्थिर ठेवावा आणि या वेळी वरचे पाणी टाकून तळचा गाळ ठेवावा. त्यात मुख्यतः 1 ते 3 मायक्रोमीटरचे कण असतील. काही लहान कण सुरुवातीलाच तळाजवळ असल्यामुळे गाळात येतात. निवड अधिक काटेकोर हवी असेल तर दुसरी खेप पुन्हा करावी.

हे काळ 20 अंशांसाठी आहेत, आणि भुसावळला मे महिन्यात प्रयोगशाळा 20 अंशांवर असण्याची शक्यता नाही. पाण्याची श्यानता 20 अंशांना 1.0 मिलिपास्कल-सेकंद असते, ती 40 अंशांना 0.65 वर येते. त्यामुळे 37 मिनिटांची 24 मिनिटे आणि साडेपाच तासांचे जेमतेम पावणेचार तास होतात. तापमानाची नोंद न करता घड्याळ लावले तर पहिल्या खेपेतच कामाचे कण गाळाबरोबर फेकले जातात. शिवाय पंख्याच्या झोताने स्तंभाची एक बाजू थंड झाली की आत अभिसरण सुरू होऊन सारी निवड बिघडते, म्हणून स्तंभ थर्माकोलच्या खोक्यात ठेवावा. शक्य असेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच योजावा. धुळ्यात पहाटेचे तापमान एक आकड्यावर उतरते तेव्हा दुपारची प्रयोगशाळा या कामाला अगदी योग्य असते.

तिसरी पायरी : काचकक्ष

स्लाइड आणि कव्हरस्लिप प्रथम साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, मग 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये दहा मिनिटे बुडवून ठेवाव्यात आणि शुद्ध पाण्याने निदान सहा वेळा खळखळून घ्याव्यात. अल्कलीने काचेचा पृष्ठभाग ताजा व अधिक ऋण होतो. ती पुरती धुतली गेली नाही तर मात्र तिचेच आयन प्रयोग बिघडवतात. शेवटच्या धुण्याच्या पाण्याची वाहकता मोजून पाहावी.

स्लाइडवर डबल साइड टेपच्या दोन पट्ट्या सुमारे एक सेंटीमीटर अंतरावर लावून त्यांवर कव्हरस्लिप दाबली की 0.1 मिलिमीटर उंचीचा कक्ष तयार होतो. एवढ्या उंचीवरून 1 मायक्रोमीटरचा कण 40 सेकंदांत तळाला बसतो, म्हणजे पुढचे सर्व नाट्य तळाच्या काचेवरच घडते. कडा बंद करण्यासाठी नेलपॉलिश वापरू नये. त्यातील द्रावक पाण्यात उतरतो आणि त्याची स्वतःची प्रवणता (जागेनुसार बदलत जाणारी संहती) कणांना ओढू लागते. नुसते व्हॅसलिन येथील उन्हाळ्यात पातळ होऊन वाहते, त्यामुळे व्हॅसलिन व पॅराफिन मेण समभाग वितळवून बारीक ब्रशने लावावे. सील नीट झाले नसेल तर बाष्पीभवनामुळे सगळे पाणी एका बाजूला सरकत राहते, आणि कोरड्या हवेत हा दोष फार लवकर दिसतो.

कणांची संहती मिलिलिटरला सुमारे 0.07 मिलिग्रॅम ठेवावी. त्याने तळावर 20 मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात सरासरी एक कण येतो. त्याहून दाट ठेवले तर प्रकाश पडण्याआधीच कणांचे पुंजके असतात आणि मग जमलेला थवा प्रकाशाने जमवला की आपोआप जमला, हे सांगता येत नाही.

चौथी पायरी : दिवा आणि ठिपका

365 नॅनोमीटरचा 3 वॅटचा एलईडी पुरेसा आहे. त्याला स्थिर विद्युतधारा देणाऱ्या पुरवठ्यावरच चालवावे, कारण व्होल्टेज खाली-वर झाले की तीव्रता बदलते आणि नोंदी तुलना करण्यासारख्या राहत नाहीत; भारनियमनाच्या गावी तो बॅटरीवर घेणे सोयीचे. एलईडीच्या अगदी जवळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवून त्याला सुईने अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि हे छिद्र सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखाली सुमारे 12 सेंटीमीटरवर आणावे. साध्या अ‍ॅबे कंडेन्सरचे नाभीय अंतर 10 ते 12 मिलिमीटरच्या आसपास असल्याने छिद्राची प्रतिमा सुमारे दहापट लहान होऊन स्लाइडवर 50 मायक्रोमीटरचा ठिपका पडतो. या रचनेचा खरा लाभ पुढे मिळतो : फॉइल हाताने 0.2 मिलिमीटर सरकवले की ठिपका 20 मायक्रोमीटरच सरकतो, म्हणजे महागड्या सूक्ष्मसरकत्या स्टेजची गरज राहत नाही. फॉइल एखाद्या जुन्या चल सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रूवर बसवले तर हाताची थरथरही टळते.

अतिनील ठिपका डोळ्यांना दिसत नाही आणि तो डोळ्यांनी शोधण्याचा प्रयत्नही करू नये. वेगळ्या स्लाइडवर कपडे धुण्याच्या पावडरच्या द्रावणाचा पातळ थर वाळवावा. त्यातील उजळक द्रव्य 365 नॅनोमीटरखाली निळे चमकते आणि ठिपका कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. त्याच्या आधारे कंडेन्सर वर-खाली करून ठिपका आटोपशीर करावा आणि 10 मायक्रोमीटर विभागांच्या स्टेज मायक्रोमीटरवर त्याचा व्यास मोजून ठेवावा. एलईडी सुरू असताना आयपीसला डोळा लावायचा नाही, हा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून लावावा. निरीक्षण फक्त कॅमेऱ्यातून करावे, ऑब्जेक्टिव्हच्या वर पिवळा फिल्टर ठेवावा आणि सर्वांनी पॉलिकार्बोनेटचे चष्मे वापरावेत.

सूक्ष्मदर्शकाचा स्वतःचा पांढरा दिवाही निरुपद्रवी नाही. कणावर थोडी चांदी जमली की तो दृश्य प्रकाशही शोषू लागतो आणि निरीक्षणाच्या दिव्यानेच क्रिया चालू राहते. त्या दिव्यावर लाल फिल्टर लावला की हा प्रश्न मिटतो.

पाचवी पायरी : थवा जमवणे

भरलेली स्लाइड प्रथम दहा मिनिटे केवळ लाल प्रकाशात पाहावी. कण जागच्या जागी थरथरताना दिसले पाहिजेत, कोणत्याही एका दिशेने वाहताना नव्हे. या टप्प्यावर चित्रफीत घेऊन फिजी किंवा पायथॉनमधील ट्रॅकपाय या मोफत साधनांनी कणांचा माग काढावा आणि विसरण-गुणांक मोजावा. 20 अंशांच्या मोकळ्या पाण्यात 1 मायक्रोमीटरच्या कणासाठी तो सेकंदाला 0.43 चौरस मायक्रोमीटर येतो. तळाच्या काचेजवळ तो निम्म्याच्या आसपास उतरतो. मोजलेला आकडा त्याहून फारच लहान असेल तर कण काचेला चिकटले आहेत, फार मोठा असेल तर स्लाइडमध्ये प्रवाह आहे.

त्यानंतर एलईडी कमीत कमी धारेवर सुरू करावा. या रचनेत प्रकाश कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका मोठा आहे, कारण लहान ठिपक्यात तीव्रता सहजच चौरस सेंटीमीटरला कित्येक वॅट होते. सुटलेले आयन 100 मायक्रोमीटर अंतर सुमारे तीन सेकंदांत कापतात, म्हणून काठावरचे कण काही सेकंदांतच केंद्राकडे वळले पाहिजेत; पुढच्या एक-दोन मिनिटांत सैलसर थवा दिसू लागतो. तो जमला नाही तर धारा थोडी वाढवावी, आणि तरीही जमला नाही तर धारा वाढवणे थांबवून पाण्याची वाहकता पुन्हा मोजावी.

येथे तीन पडताळण्या केल्याशिवाय पुढे जाऊ नये. केवळ सिलिकाचे मणी घातलेली, सिल्व्हर क्लोराइड नसलेली स्लाइड त्याच ठिपक्याखाली ठेवावी. मणी तरीही केंद्राकडे सरकले तर ती उष्णतेने झालेली अभिसरणाची हालचाल आहे आणि तीव्रता कमी करणे भाग आहे. दुसऱ्या स्लाइडमध्ये अतिनीलऐवजी लाल एलईडीचा तितकाच प्रखर ठिपका पाडून कण स्वस्थ राहतात का ते पाहावे. तिसरी पडताळणी सर्वांत बोलकी आहे : पोटॅशियम नायट्रेटच्या लिटरला 10, 100 आणि 1000 मायक्रोमोल अशा तीन द्रावणांत तोच प्रयोग करून थव्याचा वेग मोजावा. वेग क्षारासोबत कोसळत गेला तर आपला थवा आयनांच्या प्रवणतेवरच चालतो याची खात्री होते. हा आलेख प्रकल्प-अहवालात थव्याच्या सुंदर छायाचित्राच्या आधी यायला हवा, असे माझे मत आहे. परीक्षक मात्र छायाचित्रच आधी उघडतात.

सहावी पायरी : ओझे नेणे

ओझे म्हणून 2 ते 3 मायक्रोमीटरचे सिलिकाचे मणी घ्यावेत. सिलिका ऋण प्रभारित असते आणि तिची घनता सुमारे 2 असल्याने ती सिल्व्हर क्लोराइडप्रमाणेच तळाला येऊन बसते. पॉलिस्टायरिनचे मणी स्वस्त वाटले तरी त्यांची घनता 1.05 असल्यामुळे ते बराच काळ पाण्यात तरंगत राहतात आणि तळालगतच्या प्रवाहात येतच नाहीत. जळगावच्या विद्यार्थ्यांना केळीतील स्टार्चचे दाणे वापरून पाहण्याची कल्पना हमखास सुचते. तो दाणा 30 मायक्रोमीटरचा धरला तर पाण्यातले त्याचे वजन 70 पिकोन्यूटन भरते. जो थवा पिकोन्यूटनच्या शतांशांत काम करतो, त्याने काचेवर एवढ्या वजनाने बसलेला दाणा हलवावा ही अपेक्षा रास्त नाही, आणि दाण्यांतून पाण्यात झिरपणारे क्षार हे आणखी एक विघ्न आहे. केळीचे स्टार्च दुसऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवावे.

सिल्व्हर क्लोराइडच्या दहा कणांमागे सिलिकाचा एकच मणी ठेवावा. मणी पाण्यात घालण्यापूर्वी तेही चार-पाच वेळा धुवावेत, कारण विकत आणलेल्या मण्यांच्या द्रावणात बहुधा परिरक्षक असतो. दृश्यक्षेत्रात एकटा मणी शोधून त्याच्यापासून 30 ते 40 मायक्रोमीटरवर ठिपका पाडावा, थवा आणि मणी दोन्ही केंद्रापाशी येऊ द्यावेत, आणि मग ठिपका सरकवायला घ्यावा. सरकवण्याचा वेग थव्याच्या वेगाहून कमीच असला पाहिजे. सलग सरकवण्यापेक्षा 20 मायक्रोमीटर सरकवून दहा-पंधरा सेकंद थांबणे, पुन्हा सरकवणे, ही रीत अधिक खात्रीची आहे; त्या अवधीत जुनी प्रवणता विरते, नवी उभी राहते आणि मागे पडलेले कण गाठ घेतात. घाई केली तर थव्याचे दोन तुकडे होतात आणि मणी नेमका मागच्या तुकड्यात राहतो. सुरुवातीला 100 मायक्रोमीटरचा सरळ मार्ग जमला की काटकोनात वळण घेऊन पाहावे.

मणी सोडण्यासाठी प्रकाश बंद करणे एवढेच पुरते. प्रवणता काही सेकंदांत नाहीशी होते, पण थवा लगेच पांगत नाही. केवळ ब्राउनीय गतीने 50 मायक्रोमीटर पसरायला कणांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. हा दोष नसून सोय आहे, कारण मणी जिथे ठेवला तिथे बराच काळ राहतो. त्याच्याभोवतीचे कण हटवायचे असतील तर शेजारी दुसरा ठिपका पाडून ते तिकडे ओढता येतात. मात्र मणीही त्याच ओढीत सापडतो, त्यामुळे एक मणी अचूक मोकळा करणे हे या पद्धतीत कठीणच आहे.

कण वापरता वापरता तपकिरी आणि मग काळे पडतात. प्रकाश त्यांना इंधनासारखा खात असल्यामुळे एका स्लाइडचे आयुष्य काही मिनिटांचे असते, आणि वेग मंदावू लागला की ती बदलावी. कण केंद्रापासून दूर पळताना दिसले तर काच नीट ऋण झालेली नाही, म्हणजे अल्कलीची पायरी पुन्हा करावी. सर्वच कण काचेला चिकटत असतील तर दोष बहुतेक वेळा पाण्यातील कॅल्शियमचा असतो, कारण द्विसंयुजी (दोन प्रभारांचे) आयन अल्प प्रमाणातही कण आणि काच यांच्यातील प्रतिकर्षण मोडून टाकतात; साका करताना क्लोराइडऐवजी चांदीचे आधिक्य झाले होते का, हेही तपासावे.

हेमेटाइटकडे वळताना

न संपणारे कण हवे असतील तर पुढचा टप्पा हेमेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) आहे. जेरेमी पालाची आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हेमेटाइटचा अंश असलेल्या कणांना निळ्या प्रकाशात थवे बांधायला लावले आणि त्याच वर्षी असे कण निष्क्रिय ओझे पकडून नेतात हेही दाखवले. येथे इंधन हायड्रोजन पेरॉक्साइडचे असते, कण फक्त उत्प्रेरक राहतो, आणि हेमेटाइट दुर्बल चुंबकीय असल्याने दिशा चुंबकाने देता येते. खान्देशातील अडचण पेरॉक्साइडची आहे : उष्ण खोलीत ठेवलेल्या बाटलीतील त्याचे प्रमाण लेबलवर लिहिल्याइतके राहत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी पोटॅशियम परमँगनेटने त्याचे अनुमापन करून खरे प्रमाण काढावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते करू शकतो.

चांदीचा कचरा

गाळ, धुण्याचे पाणी आणि वापरलेल्या स्लाइड धुतलेले पाणी मोरीत ओतू नये. विरघळलेली चांदी जलचरांना अल्प प्रमाणातही विषारी असते. सर्व कचरा एका तपकिरी बाटलीत जमा करावा. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळते म्हणून काचसामान अमोनियाने धुण्याचा मार्ग विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, पण असे द्रावण साठवून ठेवले तर त्यातून स्फोटक चांदी संयुगे तयार होतात. ते वापरावेच लागले तर त्याच तासाला सौम्य नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावे. बाटलीत पुरेसा साका जमला की त्यावर सौम्य आम्ल आणि जस्ताची पूड घालून, हवेशीर जागी, वायू निघून जाईल अशा उघड्या पात्रात क्रिया पूर्ण होऊ द्यावी. उरलेले जस्त आम्लात विरघळून गेल्यावर जी राखाडी पूड राहते ती धातुरूप चांदी असते. ती धुऊन, वाळवून, वजन करून नोंदवहीत लिहावी आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी नायट्रिक आम्लात विरघळवून पुन्हा सिल्व्हर नायट्रेट करून ठेवावे.